कम्यूनच्या खानावळीचा हिशेब

४ ऑगस्ट १९५८ रोजी माओ त्से तुंग हपे प्रांतातल्या शूश्वे तालुक्यात गेले. तालुक्याची वस्ती तीन लाखांच्या थोडी वर. पक्षाच्या तालुका चिटणीसाने पिकाचे आकडे सांगितले. उन्हाळ्यात साडेचार कोटी किलो धान्य आले होते, शरदातल्या सुगीत पंचावन्न कोटी किलो येणार होते. एवढे धान्य तुम्ही खाणार कसे, असे माओंनी विचारले. जास्तीच्या धान्यातून यंत्रे घेऊ, असे उत्तर आले. त्यावर माओ म्हणाले की सगळ्यांकडेच धान्य उदंड झाले तर तुमचे घेणार कोण? लोकांना भरपूर खाऊ द्या, दिवसातून पाच वेळा जेवले तरी हरकत नाही. आठवड्याभरात ही हकीकत ‘पीपल्स डेली’त छापून आली आणि देशभरच्या कार्यकर्त्यांनी ती वाचली.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत चीनच्या कित्येक खेड्यांत माणसे झाडांच्या साली आणि गवताची मुळे खाऊन दिवस काढत होती.

सगळ्यांनी मिळून राबावे, मिळून खावे, कोणी उपाशी राहू नये, या स्वप्नात वाईट काय आहे? काहीच नाही. संतांच्या काल्यापासून साने गुरुजींपर्यंत आपल्याकडेही हे स्वप्न अनेकांनी पाहिले. मग ते राज्य चालवायला घेतले की मोडते कुठे? या प्रश्नाची चर्चा बहुधा तत्त्वांच्या पातळीवर होते आणि माणूस मुळातच स्वार्थी आहे, या वाक्यावर संपते. मला ते उत्तर अपुरे वाटते. चीनमधल्या लोककम्यूनचा इतिहास टप्प्याटप्प्याने पाहिला तर मोडण्याची जागा बरीच स्पष्ट दिसते. तिथे जमीन, बैल, अवजारे आणि शेवटी घरची चूलसुद्धा सामाईक झाली होती. इतका पुरता प्रयोग इतक्या मोठ्या लोकसंख्येवर दुसरीकडे कुठे झाला नाही.

चिनी कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर आला तो शेतकऱ्याला जमीन देण्याच्या वचनावर, आणि ते वचन त्याने आधी पाळले. जून १९५० मध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सुमारे तीस कोटी भूमिहीन आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या वाट्याला साडेचार कोटी हेक्टरांहून अधिक जमीन आली. यात रक्त फार सांडले. जमीनदारांना भरसभेत उभे करून जाब विचारला जाई, आणि मारल्या गेलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक मानली जाते. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे कायद्याने मालक झाली, तोही याच दशकातला प्रसंग. दोन्हींच्या वाटा अगदी वेगळ्या होत्या. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला स्वतःच्या तुकड्याबद्दल जे वाटते, ते तिथे आणि इथे सारखेच खरे होते.

मात्र चिनी शेतकऱ्याला हा तुकडा फार काळ लाभला नाही. सरकारला कारखाने उभारायचे होते. यंत्रे सोव्हिएत रशियाकडून यायची आणि त्यांची किंमत मुख्यतः शेतमालाने चुकवायची होती. शहरातल्या कामगारांना स्वस्त धान्यही हवे होते. म्हणून १९५३ च्या अखेरीस धान्याचा खासगी व्यापार बंद झाला. ठरलेले धान्य ठरलेल्या भावाने सरकारलाच घालायचे. आपल्याकडच्या लेव्हीची आठवण यावी अशी ही पद्धत होती, पण लेव्ही घालून उरलेले धान्य इथला शेतकरी बाजारात नेऊ शकत असे, तिथे बाजारच राहिला नाही. कोट्यवधी सुट्या शेतकऱ्यांकडून धान्य गोळा करणे जिकिरीचे होते. थोड्या मोठ्या संस्थांकडून ते सोपे जाणार होते. सहकारी शेतीमागे ध्येयवाद होता, तसा हा रोकडा हिशेबही होता.

सुरुवातीला पाच-दहा घरांनी एकमेकांच्या शेतावर इर्जिकीने जावे तसे गट होते. मग जमीन एकत्र कसून तिच्या मालकाला थोडा वाटा देणाऱ्या संस्था आल्या. ३१ जुलै १९५५ रोजी माओंनी भाषण करून, कार्यकर्ते पाय बांधलेल्या बाईसारखे अडखळत चालतात, अशी टीका केली. त्यानंतर कोणाचीच पावले मंदावली नाहीत. १९५६ संपता संपता देशातली जवळजवळ सगळी शेतकरी कुटुंबे सहकारी संस्थांत आली आणि जमिनीचा वेगळा वाटा मिळणे बंद झाले. जमीन हातात आल्यापासून चार-पाच वर्षेही झाली नव्हती. चेच्यांग प्रांतातल्या युंगच्या तालुक्यात त्याच सुमारास कार्यकर्त्यांनी एक वेगळी रीत करून पाहिली होती. जमीन संस्थेची, पण पिकाची जबाबदारी एकेका घरावर. पीक चांगले आले. ही रीत भांडवलशाहीकडे नेणारी ठरवून बंद केली गेली आणि ती मांडणाऱ्या कार्यकर्त्याला शिक्षा झाली. या हकिकतीकडे पुन्हा यावे लागेल.

‘मोठी झेप’ या नावाची उत्पादनवाढीची मोहीम सुरू होण्याआधी आणखी दोन गोष्टी घडल्या आणि माझ्या मते पुढच्या अनर्थाची तयारी तिथे पुरी झाली. १९५७ मध्ये पक्षाने सुशिक्षितांना मोकळेपणाने टीका करायला सांगितले. टीका अपेक्षेपेक्षा तिखट निघाली, तेव्हा साडेपाच लाखांवर लोकांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. त्यांत अभियंते होते, अर्थतज्ज्ञ होते, शिक्षक आणि पत्रकार होते. आकडा चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे असे म्हणणे ज्यांचे कामच होते, ती माणसे गप्प झाली किंवा सक्तमजुरीच्या छावण्यांत गेली. जानेवारी १९५८ मध्ये घरनोंदणीचा कायदा आला. खेड्यात नोंद असलेल्याला परवान्याशिवाय शहरात राहता येईना. दुष्काळ पडला की गाव सोडून जगायला बाहेर पडणे हा चिनी शेतकऱ्याचा शेकडो वर्षांचा शेवटचा मार्ग होता, तो कायद्याने बंद झाला.

नोव्हेंबर १९५७ मध्ये मॉस्कोत क्रुश्चेव्ह यांनी सोव्हिएत संघ पंधरा वर्षांत अमेरिकेला मागे टाकील असे जाहीर केले. माओंनी तिथेच सांगितले की पंधरा वर्षांत चीन पोलादात ब्रिटनला गाठेल. परतल्यावर ही मुदतही लांब वाटू लागली. १९५७ मध्ये पोलाद ५३.५ लाख टन झाले होते, १९५८ साठी ते दुप्पट, १ कोटी ७ लाख टन ठरले. एवढे पोलाद कारखान्यांतून निघणे शक्य नव्हते, म्हणून परसात, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर मातीच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. ऐन भरात नऊ कोटी माणसे या कामावर होती. भट्टीला जळण हवे म्हणून डोंगर बोडके झाले, फळझाडे तुटली, दारे आणि खाटाही गेल्या. लोखंड हवे म्हणून घराघरातून कढया, तवे, कुलुपे, कोयंडे गोळा झाले. वर्षअखेर लक्ष्य पुरे झाल्याची घोषणा झाली. त्यातले सुमारे तीस लाख टन कशाच्याही उपयोगाचे नव्हते.

कढया भट्टीत गेल्या कारण आता घरी स्वयंपाक व्हायचाच नव्हता. एप्रिल १९५८ मध्ये हेनान प्रांतातल्या सुईपिंग तालुक्यात चायाशान इथे अनेक संस्था एकत्र करून पहिली मोठी संस्था झाली. रशियाचा उपग्रह नुकताच आकाशात गेला होता, म्हणून तिचे नाव ‘स्पुटनिक’. ऑगस्टच्या सुरुवातीला माओंनी हेनान आणि शानतुंगचा दौरा केला आणि लोककम्यून चांगले, असा अभिप्राय दिला. महिनाअखेर पक्षाच्या बैठकीत ठराव झाला. तिथून दोन-तीन महिन्यांत सात लाखांहून अधिक सहकारी संस्थांचे मिळून साधारण सव्वीस हजार कम्यून झाले आणि चीनची जवळजवळ सगळी खेडी त्यांत आली. एका कम्यूनमध्ये सरासरी चार-पाच हजार कुटुंबे. शेती, शाळा, दुकान, सैनिकी कवायत, पोलीस, हिशेब, सगळे त्याच्याच हाती.

वर्षअखेरीपर्यंत चौतीस लाखांच्या आसपास सामुदायिक खानावळी सुरू झाल्या होत्या. त्या शरदात लोक खरोखरच पोटभर जेवले. आयुष्यात पहिल्यांदा मोजणी न करता भात वाढला जात होता आणि बायकांची चुलीपासून सुटका झाली होती. तो आनंद खोटा नव्हता. एखाद्या गावच्या भंडाऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला पानावर बसवावे तसे वाटसरूंनाही वाढले गेले. अनेक गावांत सहा महिन्यांचे धान्य दोन-तीन महिन्यांत संपले. कोठारात किती आहे याची चिंता करण्याचे काम आता कोणा एका घराचे राहिले नव्हते. ज्यांचे ते काम होते, ते वरच्यांना आकडे कळवण्यात गुंतले होते.

आकड्यांची ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. विक्रमी पिकाच्या बातमीला ‘उपग्रह सोडणे’ म्हणत. एका कम्यूनने मोठा आकडा सांगितला की शेजारच्याला त्याहून मोठा सांगावा लागे, कारण लहान आकडा सांगणारा मागासलेला किंवा उजवा ठरे. जूनमध्ये एका मू जमिनीत, म्हणजे आपल्या साडेसहा गुंठ्यांत, हजार किलो गहू निघाल्याची बातमी आली. सप्टेंबरमध्ये ग्वांगशी प्रांतातल्या एका कम्यूनने तेवढ्याच तुकड्यातून पासष्ट हजार किलो भात काढल्याचे जाहीर केले. एरवी दोनशे किलो निघाला तर शेतकरी पीक चांगले म्हणे. हा चमत्कार असा होई की इतर शेतांतले तयार पीक रात्रीतून उपटून एकाच तुकड्यात दाटीवाटीने लावायचे आणि मग पाहुण्यांना बोलवायचे. उभ्या पिकावर मुले उभी असल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकले. शेतकरी बापजाद्यांपासून जाणत होता की रोपाला हवा लागते, ऊन लागते. तरी दाट पेरणी आणि कमरेइतकी खोल नांगरट हे सरकारी धोरण झाले. चिमण्या दाणे खातात म्हणून त्यांनाही वैरी ठरवले गेले. दिवसभर थाळ्या बडवून त्यांना टेकू द्यायचे नाही, की दमून पडतात. पुढे किडी वाढल्या, तेव्हा १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला.

वर्षअखेर सरकारने जाहीर केलेले धान्योत्पादन होते ३७.५ कोटी टन. प्रत्यक्षात ते २० कोटी टनांच्या आसपास होते, आणि त्यातलेही बरेच शेतातच कुजले, कारण कापणीला हवे असलेले तरुण भट्ट्यांवर होते. सरकारचा वाटा मात्र जाहीर झालेल्या आकड्यावरून ठरत होता.

नेमक्या याच काळात भारतात चीनच्या शेतीकडे मोठ्या आशेने पाहिले जात होते. नागपूरचे रा. कृ. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सरकारी शिष्टमंडळ १९५६ मध्ये चीनची सहकारी शेती पाहून आले आणि त्याने अनुकूल अहवाल दिला. दोन सदस्यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंग यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजी, रंगा, मिनू मसानी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष काढला. ठराव कागदावरच राहिला. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला साखर कारखाना तोवर नऊ-दहा हंगाम चालला होता. तिथे ऊस एकत्र येत होता, सातबारा ज्याचा त्याच्याकडेच होता. ‘सहकार’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न व्यवस्था नांदत होत्या. नागपूरचा ठराव बारगळू शकला, कारण पंतप्रधानांच्या आवडत्या कल्पनेला सभेत उभे राहून नको म्हणता येत होते. चीनमध्ये तसे म्हणणाऱ्याचे काय झाले, ते सहा महिन्यांतच दिसले.

१९५९ च्या वसंतापर्यंत अनेक प्रांतांत भूक दिसू लागली होती. माओंनीही काही काळ हात आखडता घेतला होता. जुलैमध्ये च्यांगशी प्रांतातल्या लुशान या थंड हवेच्या ठिकाणी नेते जमले ते चुका दुरुस्त करण्याच्या विचाराने. संरक्षणमंत्री मार्शल पेंग देहुआई शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी त्यांनी भीक मागितली होती. कोरियाच्या युद्धात त्यांनी चिनी फौजांचे नेतृत्व केले होते. १९५८ च्या अखेरीस हुनानमधल्या आपल्या मुलखात ते फिरले, तेव्हा तोडलेली फळझाडे, भट्टीसाठी पाडलेली घरे आणि कापणीवाचून पडलेले पीक त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १४ जुलैला त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. भाषा मर्यादशील होती. आधी यशाची नोंद, मग अतिशयोक्तीच्या साथीबद्दल आणि उतावळ्या उत्साहाबद्दल स्पष्ट शब्द.

दोन दिवसांनी माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटले. २३ जुलैला त्यांनी भाषण केले. सैन्य आपल्यामागे आले नाही तर आपण खेड्यात जाऊन शेतकऱ्यांची नवी फौज उभारू, इथवर ते बोलले. पत्रातली माहिती खरी की खोटी हा विषय तिथेच संपला. पत्र लिहिणारा पक्षाचा की शत्रूचा, एवढेच उरले. सभागृहातल्या अनेकांना पेंग खरे बोलत आहेत हे ठाऊक होते. लिऊ शाओ ची, चौ एन लाय यांच्यासारखे जबाबदार नेते माओंच्या बाजूने उभे राहिले. पेंग यांचे मंत्रिपद गेले, त्यांच्या जागी लिन पियाओ आले. साथ देणाऱ्यांनाही ‘पक्षविरोधी गट’ ठरवले. मग देशभर उजव्या विचारांविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि तीस लाखांहून अधिक कार्यकर्ते तिच्यात भरडले गेले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा लुशानच आहे. जुलै १९५९ मध्ये आजाराचे निदान झाले होते, औषधही ठाऊक होते. खानावळी बंद करायच्या, धान्याची वसुली कमी करायची, निर्यात थांबवायची. तेव्हा हे झाले असते तर बळी गेलेल्यांतले बहुसंख्य वाचले असते. घडले उलटे. लुशानहून परतलेल्या प्रत्येक प्रांतप्रमुखाने आणि त्यांच्याखालच्या प्रत्येक चिटणीसाने एकच धडा घेतला, की वाईट बातमी वर कळवायची नाही. १९५९ मध्ये पीक १७ कोटी टनांवर घसरले. सरकारने त्यातले जवळजवळ ४० टक्के वसूल केले, आणि चाळीस लाख टनांहून अधिक धान्य त्या वर्षी देशाबाहेर गेले.

हेनानमधल्या शिनयांग जिल्ह्यात काय झाले याची माहिती तपशिलाने उपलब्ध आहे. चायाशानचे पहिले कम्यून याच जिल्ह्यातले. वस्ती ऐंशी लाखांच्या वर. १९५९ मध्ये तिथे अवर्षण होते, पीक आधीच कमी. जिल्ह्याने वर कळवलेला आकडा मात्र मागच्या वर्षाच्या तोडीचा होता. ठरलेली वसुली होईना, तेव्हा अनुमान निघाले की शेतकऱ्यांनी धान्य लपवले आहे. मग घरोघर झडत्या, भिंतींत आणि जमिनीत पेवांचा शोध, मारहाण. बियाण्याचे आणि खाण्याचे धान्यही वसुलीत गेले. कोणाच्या घरातून धूर निघाला तर तिथे काही शिजते आहे, म्हणजे लपवलेले धान्य आहे, असा अर्थ काढून पथक येई. भांडे आधीच भट्टीत गेलेले. मूठभर दाणे मिळाले तरी शिजवायचे कशात आणि कोणाच्या नजरेआड? ग्वांगशान तालुक्यात या फुगवट्याला हरकत घेणारा पक्षाचाच एक चिटणीस बडवून मारला गेला.

सगळी माणसे खानावळीवर अवलंबून होती, आणि कित्येक खानावळी आठवडेच्या आठवडे बंद राहिल्या. चालू होत्या तिथे पातळ पेज. आपल्याकडे म्हणतात की वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत शेवटी बसले तरी चालते. पंगत रोजची झाली आणि दुसरीकडे कुठे जेवण मिळेनासे झाले, की या म्हणीचा अर्थ किती भयंकर होतो ते शिनयांगमध्ये दिसले. डवला पातेल्याच्या तळाशी जातो की वरचे पाणी काढतो, यावर माणसाचा जीव ठरू लागला. कार्यकर्ता, आचारी आणि त्यांचे नातलग जगले. ज्याने उलट उत्तर दिले त्याचे जेवण बंद. म्हातारी, आजारी, कामावर न जाऊ शकणारी माणसे आधी गेली. गाव सोडणाऱ्यांना रस्त्यावर अडवले जात होते. टपाल कचेरीत बारा हजारांहून अधिक पत्रे रोखली गेली, कारण त्यांत उपासमारीचा उल्लेख होता. सरकारी कोठारांत या काळात धान्य शिल्लक होते. या एका जिल्ह्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली.

देशभर १९५८ ते १९६१ या काळात किती मेले, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अनेक अभ्यासक तीन कोटींच्या आसपास येतात. सरकारने दोष नैसर्गिक आपत्तीला आणि रशियाला दिला. १९६० च्या उन्हाळ्यात रशियाने आपले तंत्रज्ञ परत नेले हे खरे, पण तोवर शिनयांगमधले बहुतेक मृत्यू होऊन गेले होते. लिऊ शाओ ची १९६१ च्या वसंतात हुनानमधल्या आपल्या जन्मगावी जाऊन राहिले. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना सांगितले की तीन हिस्से अस्मानी, सात हिस्से सुलतानी. लिऊंनी ते पक्षाच्या बैठकीत तसेच मांडले. खानावळी त्याच वर्षी बंद झाल्या. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडून गहू आला. हिशेबाची जागा कम्यूनवरून खाली येत वीस-तीस घरांच्या तुकडीवर आली.

आन्ह्वी प्रांतात तर १९६१ मध्ये जमीन जबाबदारीवर घरटी वाटून देण्यात आली आणि वर्षअखेरीस बहुसंख्य तुकड्यांत हीच पद्धत चालू झाली. युंगच्यामध्ये पाच वर्षांपूर्वी बंद पाडलेली हीच ती रीत. ती आणणारा प्रांतप्रमुख त्सेंग शीशेंग हा १९५८ मधल्या सर्वांत कडव्या नेत्यांपैकी एक होता, त्याच्या प्रांतात माणसेही फार मेली होती. १९६२ च्या सुरुवातीला त्याला हटवले गेले आणि माओंनी ही पद्धत पुन्हा मोडून काढली. चार वर्षांनी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. लिऊ शाओ ची १९६९ मध्ये औषधपाण्यावाचून कैदेत मेले. पेंग देहुआई १९७४ मध्ये गेले, तेही कैदेतच.

कम्यून मात्र राहिले, आणखी वीस वर्षे. घंटा झाली की शेतावर जायचे, तुकडीप्रमुख सांगेल ते करायचे, संध्याकाळी गुण मांडून घ्यायचे. मन लावून निंदणाऱ्याला आणि खुरप्यावर रेलून उभ्या राहणाऱ्याला गुण साधारण सारखेच. आन्ह्वीतल्या फेंगयांग तालुक्यात शियाओगांग नावाचे लहानसे गाव आहे. मोठ्या दुष्काळात तिथल्या १२० पैकी ६७ माणसे मेली होती. उरलेली दर हिवाळ्यात भीक मागायला बाहेर पडत. २४ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी एका मातीच्या घरात जमून कागदावर अंगठे उमटवले. जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा आणि संस्थेचा वाटा प्रत्येकाने बिनचूक घालायचा, उरेल ते आपले. हे उघडकीला आले आणि पुढाकार घेणारे तुरुंगात गेले किंवा त्यांना देहान्ताची शिक्षा झाली, तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची.

पुढच्या सुगीला गावात सहासष्ट टन धान्य आले, १९६६ ते १९७० या पाच वर्षांच्या बेरजेइतके. जमीन तीच, माणसे तीच, बियाणेही जवळजवळ तेच. प्रांतप्रमुख वान ली यांनी शिक्षा केली नाही, उलट संरक्षण दिले. मे १९८० मध्ये डेंग शियाओपिंग यांनी पसंती दिली. १९८३ संपता संपता जवळजवळ सगळा देश घरटी जबाबदारीच्या पद्धतीवर आला आणि कम्यून बरखास्त झाले. १९७८ मध्ये सुमारे ३०.५ कोटी टन असलेले धान्य १९८४ मध्ये ४०.७ कोटी टन झाले. सरकारने भाव वाढवून दिले, खतेही आली, त्यांचा यात वाटा आहे. पण कष्टाचे फळ घरात येते म्हटल्यावर माणसे वेगळ्या जिद्दीने राबली, हे नाकारता येत नाही.

एवढ्यावरून सामाईक मालकी वाईट आणि खासगी मालकी चांगली, असा निकाल देणारे बरेच आहेत. मी तो देणार नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ खासगी मालकीच्या बाजारातच पडला होता. शिवाय माओंच्याच राजवटीत लहान मुलांचे मृत्यू घटले, साक्षरता वाढली, सरासरी आयुष्य चाळिशीच्या आतून साठीच्या पुढे गेले. या बाबतीत भारत मागे राहिला, हे अमर्त्य सेन यांनी आवर्जून दाखवले आहे. रोजच्या कुपोषणाने आणि आजाराने आपल्याकडे दर आठ वर्षांत जितकी जादा माणसे मरत, तेवढी चीनच्या त्या महादुष्काळात मेली, असा त्यांचा हिशेब आहे. तो आपल्याला टोचायलाच हवा.

पण सेन यांनी दुसरेही सांगितले आहे. वर्तमानपत्रे मोकळी आणि विरोधी पक्ष जिवंत असलेल्या देशात असा महादुष्काळ पडू शकत नाही. महाराष्ट्राच्या १९७२ च्या दुष्काळावर त्यांनी आणि जाँ द्रेझ यांनी लिहिले आहे. पीक निम्म्याच्या आसपास आले होते. मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या जवळपास माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, सुकडी आणि मिलोवर दिवस काढत होती. हाल खूप झाले, पण चीनसारखी मृत्यूंची लाट आली नाही. सरकारला जागे ठेवणाऱ्यांत लाल निशाणवाले पुढे होते. मृणाल गोरे यांच्या बरोबरीने लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट होत्या. त्याच विचाराची माणसे इथे सरकारला जाब विचारून उपासमार रोखायला मदत करत होती. तिथे त्यांच्याच हाती सगळे काही होते आणि जाब विचारणारा कोणी उरला नव्हता.

साम्यवादाचे स्वप्न अडते ते इथे. सगळ्यांचे ते सगळ्यांचे म्हणताना ते प्रत्यक्षात एका पक्षाच्या हाती जाते. जमीन त्याची, धान्य त्याचे, खानावळ त्याची, टपाल त्याचे, वर्तमानपत्र आणि न्यायासनही त्याचेच. शेतकऱ्याला नको म्हणायला जागा नाही आणि गाव सोडायला वाट नाही. खालच्या कार्यकर्त्याने खरे सांगितले तर त्याला धोका, खोटे सांगितले तर बढती. मग वर बसलेला माणूस कितीही सद्‌हेतूचा असो, त्याच्यापर्यंत भूक पोचतच नाही. आणि पोचली, जशी ती पेंग यांच्या पत्रातून पोचली, तर ती ऐकण्याची सक्ती त्याच्यावर कशाचीच नसते.

यांग जिशेंग १९५९ च्या वसंतात हुपे प्रांतात शाळेत शिकत होते. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा शिध्याचे थोडे तांदूळ घेऊन ते घरी गेले. वडिलांना गिळताही येत नव्हते, तीन दिवसांत ते गेले. यांग यांना ते फक्त आपल्या घरचे दुर्दैव वाटले. आपल्यासारखी लाखो घरे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे सरकारी वृत्तसंस्थेत पत्रकार म्हणून काम करताना त्यांनी प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांतून कागद जमवले. २००८ मध्ये ‘समाधीशिला’ या अर्थाच्या नावाने त्यांचे दोन खंडांचे पुस्तक हाँगकाँगमध्ये निघाले. मृतांचा त्यांचा आकडा तीन कोटी साठ लाख आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत मिळालेला पुरस्कार स्वीकारायला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. चीनच्या मुख्य भूमीवर त्यांच्या पुस्तकावर बंदी आहे.